डीलरकडून जेसीबी किंवा पोकलेन घेण्यापूर्वी डेमो कसा घ्यावा

नव्या बॅकहो लोडरची, म्हणजे ज्याला सर्रास जेसीबी म्हणतात त्याची, किंमत आज तीस लाखांच्या पुढे गेली आहे आणि वीस टनी पोकलेनची, म्हणजे चेनवर चालणाऱ्या खोदाई यंत्राची, किंमत त्याच्या जवळपास दुप्पट आहे. तरीही पुष्कळ व्यवहार अर्ध्या तासाच्या डेमोवर होतात. डीलरच्या आवारात सैल मातीचा एक ढीग असतो, कंपनीचा तरबेज ऑपरेटर त्यावर यंत्र लीलया फिरवून दाखवतो, चहा होतो आणि बुकिंगचा अर्ज पुढे येतो. अशा डेमोतून यंत्र सुरू होते आणि त्याचा रंग नवा आहे, याखेरीज फारसे काही कळत नाही. सैल मातीत कोणतेही यंत्र चांगलेच खोदते आणि कंपनीच्या ऑपरेटरच्या हातात ते आणखी चांगले खोदते. खरेदीदाराला जाणून घ्यायचे असते ते असे, की आपल्या साइटवर, आपल्या मुरुमात किंवा कातळात, आपल्याच ऑपरेटरच्या हाती हे यंत्र दिवसाला किती ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) काढेल आणि एका ब्रासमागे किती डिझेल पिईल. पुढील मजकूर हे दोन आकडे मिळवण्याविषयी आहे. बाकीच्या गोष्टी त्यांच्या अनुषंगाने येतात.

डेमो मागण्यापूर्वी

डीलरला फोन करण्यापूर्वी स्वतःच्या कामाचा हिशेब कागदावर मांडावा. वर्षभरात किती दिवस चर खोदायचे आहेत, किती दिवस हायवा (माती वाहणारे टिपर ट्रक) भरायचे आहेत, किती काम सपाटीकरणाचे आहे आणि दगड फोडणारा ब्रेकर किती वेळ लावावा लागेल, याचा ढोबळ अंदाज असल्याशिवाय डेमोत काय तपासायचे तेच ठरत नाही. बॅकहो लोडर रस्त्याने स्वतः चालत जातो, पुढच्या बकेटने भरतो आणि मागच्या बकेटने खोदतो; त्यामुळे दिवसात तीन गावांत तीन छोटी कामे करणाऱ्याला तो सोयीचा पडतो. पोकलेन एका जागी आठवडेच्या आठवडे राहून खोदण्यासाठी असते आणि प्रत्येक वेळी जागा बदलताना ट्रेलरचे भाडे लावते. डेमो पाहून भारावलेल्या माणसाला या दोहोंमधील निवड करणे अवघड जाते, म्हणून ती आधीच करून ठेवावी.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न उत्पन्नाचा आहे. यंत्र तासाच्या भाड्याने द्यायचे असेल आणि डिझेल मालकाच्या खिशातून जाणार असेल, तर मालकाला तासाला किती लिटर लागते हे आधी पाहावे लागते. ब्रासवर ठेका घेणाऱ्याला मात्र ब्रासमागचे डिझेल आणि दिवसाचे ब्रास महत्त्वाचे असतात. या दोन कसोट्यांवर दोन वेगळी यंत्रे पहिली येऊ शकतात, हे पुढील उदाहरणात दिसेल. डीलरचा माणूस ज्या कसोटीवर त्याचे यंत्र सरस ठरते तीच पुढे करतो. तो त्याचे काम करत असतो, त्यात राग मानण्यासारखे काही नाही, पण कसोटी आपण निवडलेली असावी.

सध्या हाताशी असलेले किंवा भाड्याने आणलेले यंत्र त्याच साइटवर काय देते, याचेही मोजमाप डेमोच्या आधी करून ठेवावे. तुलनेसाठी काही नसेल तर डेमोतील आकडे चांगले की वाईट हे ठरवताच येत नाही.

डीलरशी लेखी काय ठरवावे

डेमोची मागणी ईमेलवर किंवा निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून करावी, म्हणजे नंतर शब्द फिरण्याचा प्रश्न येत नाही. तारीख, साइटचे ठिकाण, कामाचे तास, यंत्राचे नेमके मॉडेल, बकेटचा आकार व प्रकार, पोकलेन असल्यास चेनपट्ट्यांची रुंदी, ट्रेलरचा खर्च कोणाचा, डिझेल कोणाचे, ऑपरेटर कोणाचा आणि अपघात किंवा मोडतोड झाल्यास जबाबदारी कोणाची, हे सर्व त्यात यावे. डिझेल शक्यतो आपणच भरावे. ते आपल्या पैशाचे असले म्हणजे मोजण्याचा हक्कही आपला राहतो.

बकेटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे. मातीसाठीची रुंद बकेट आणि खडकासाठीची जाड पत्र्याची, अरुंद बकेट यांच्या कामात मोठा फरक असतो. डेमोला रुंद बकेट लावलेले यंत्र आले आणि कोटेशनमध्ये खडकाची बकेट असली, तर दिवसभराचे मोजमाप वाया जाते. डेमोला येणारे यंत्र कोटेशनमधील यंत्रासारखेच असावे, ही अट डीलर सहसा मान्य करतात. मान्य करत नसतील तर फरक काय आहे हे लिहून घ्यावे.

विम्याची प्रत मागावी. डेमोच्या यंत्राला रस्त्यावरील त्रयस्थ-पक्ष विमा आणि यंत्राच्या नुकसानीचा विमा असे दोन्ही असणे इष्ट आहे. दुसऱ्याचा ऑपरेटर चालवत असताना तो विमा लागू राहतो का, हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा, कारण आपला ऑपरेटर बसवण्याचा आग्रह आपण धरणार असतो. रबरी चाकांचे यंत्र नोंदणीविना रस्त्यावर येत असेल तर डीलरकडे ट्रेड सर्टिफिकेट लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत खरेदीदाराला प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी त्याचा वापर मान्य केलेला आहे. ट्रेलरवरून येणाऱ्या यंत्रासोबत डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल असावे, आणि चलनावर प्रात्यक्षिकासाठी असा हेतू लिहिलेला असावा. साइटवर यंत्र उतरल्यावर सहीसाठी जो कागद पुढे केला जातो तो पूर्ण वाचावा. डेमोची पोच आणि डिलिव्हरी मिळाल्याची पोच हे दोन वेगळे कागद आहेत आणि कोऱ्या रकान्यांवर सही करण्याचे काहीच कारण नाही. पसंतीवर पाठवलेल्या मालाचे जीएसटी बीजक मालाची पसंती होताच, किंवा माल पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावे लागते; त्यामुळे दीर्घकाळ ठेवून पाहण्याचा प्रस्ताव असेल तर परत करण्याची तारीखही ठरवून घ्यावी. डेमोपूर्वी बुकिंगची रक्कम देऊ नये. ती परत मिळते असे तोंडी सांगितले जाते, पण रक्कम देऊन बसलेला माणूस डेमोत उणिवा शोधत नाही.

हंगामाविषयी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दिवाळीनंतर पावसाळा सुरू होईपर्यंत मातीकामाची धामधूम असते आणि डेमोचे यंत्र मिळायला वेळ लागतो. पावसाळ्यात ते लगेच मिळते, पण तेव्हा काळी माती बकेटला चिकटते, मुरूम मऊ पडतो आणि मिळालेले आकडे उन्हाळ्याच्या कामाला लागू पडत नाहीत. मार्च महिन्यात डीलरला वर्षअखेरचे उद्दिष्ट गाठायचे असते, त्यामुळे त्या वेळी तो किमतीत आणि डेमोच्या अटींत अधिक मोकळा असतो. मात्र घाईही तोच करतो.

जागा आणि परवानगी

डेमोसाठी जागा निवडताना आपल्या नेहमीच्या कामातील सर्वांत कठीण थर निवडावा. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात वरची काळी माती संपली की मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. कोकणात जांभा आणि चिकणमाती. फक्त वरच्या थरात डेमो घेतला तर सर्व यंत्रे सारखीच वाटतात. शेततळ्याचे किंवा नाला खोलीकरणाचे काम हाती असेल तर तेच डेमोला द्यावे, म्हणजे दिवस फुकट जात नाही.

मुरूम हे गौण खनिज आहे. तो परवानगीशिवाय काढला किंवा वाहून नेला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड होतो आणि यंत्र व वाहन जप्त होऊ शकते. जप्त होणारे यंत्र डीलरचे असेल, तर डेमोचे रूपांतर लांबलचक वादात होईल. म्हणून तहसील कार्यालयाची परवानगी असलेल्या कामावरच डेमो घ्यावा. गावठाणात किंवा रस्त्याकडेला खोदायचे असेल तर जमिनीखालच्या केबल आणि गॅसवाहिन्यांची चौकशी करावी. यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये सुरू केलेले ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आहे. वर विजेच्या तारा असतील तर दुसरी जागा पाहावी, कारण नव्या यंत्राच्या बूमची, म्हणजे बकेट वर उचलणाऱ्या लांब दांड्याची, उंची आपल्या ऑपरेटरच्या अंगवळणी पडलेली नसते.

जेसीबीची खोदाई पाहायला माणसे जमतात हा २०१९ मध्ये देशभर थट्टेचा विषय झाला होता. डेमोच्या दिवशी मात्र ही गर्दी धोक्याची असते, कारण यंत्र नवे, ऑपरेटर नवखा आणि लक्ष मोजमापाकडे असते. बूमच्या पूर्ण फिरत्या घेराबाहेर दोरी बांधून घ्यावी आणि आत फक्त मोजणारा माणूस ठेवावा, तोही ऑपरेटरच्या नजरेच्या टप्प्यात.

डिझेल आणि ब्रास मोजण्याची पद्धत

डेमो किमान अर्ध्या दिवसाचा, म्हणजे चार तासांचा असावा. सहा ते आठ तासांचा मिळाला तर उत्तम. याचे कारण साधे गणित आहे. टाकी काठोकाठ भरण्यात दोन लिटरची चूक सहज होते. तासाला १३ लिटर पिणाऱ्या यंत्रावर एकच तासाची चाचणी घेतली तर ही चूक १५ टक्क्यांची होते. सहा तासांच्या चाचणीत तीच चूक अडीच टक्क्यांवर येते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या एकाच वजनाच्या यंत्रांमधील फरक अनेकदा पाच-दहा टक्क्यांचाच असतो, तेव्हा तासाभराच्या डेमोतून निघालेला मायलेजचा आकडा निरर्थक ठरतो.

सुरुवातीला यंत्र सपाट जागेवर उभे करावे, चाकांच्या किंवा चेनच्या जागी चुन्याची खूण करावी आणि टाकी तोंडाशी ठरवलेल्या खुणेपर्यंत भरावी. फेस बसू द्यावा आणि पुन्हा भरावे. तासमीटरचा आकडा आणि घड्याळातील वेळ दोन्ही लिहून मोबाइलवर फोटो काढावा. काम संपल्यावर यंत्र त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून उभे करावे आणि त्याच खुणेपर्यंत मोजून डिझेल भरावे. डिझेल मोजण्यासाठी मीटर असलेला पंप किंवा आधी तपासून घेतलेले वीस लिटरचे कॅन वापरावेत. यंत्राच्या पडद्यावर दिसणारा इंधनखप हा अंदाज असतो. तो लिहून घ्यावा, पण निर्णय टाकीच्या मोजमापावर घ्यावा. जेसीबीचे लाइव्हलिंक, कोमात्सूचे कोमट्रॅक्स किंवा ह्युंदाईचे हाय-मेट यांसारख्या, यंत्राच्या कामाची नोंद दुरून ठेवणाऱ्या प्रणालींमधून त्या दिवसाचा अहवाल डीलरकडून मागावा, कारण त्यात यंत्र किती वेळ काम न करता नुसते चालू होते हे स्वतंत्रपणे दिसते. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास चालू राहिलेले इंजिन तुलनेचा हिशेब बिघडवून टाकते.

निघालेली माती मोजताना हायवाच्या खेपा मोजण्याचा मोह होतो. तो टाळावा. खोदलेली माती फुगते. मुरूम साधारण पाव पटीने आणि फोडलेला खडक त्याहून बराच जास्त फुगतो, शिवाय एका खेपेचा ढीग दुसऱ्यासारखा नसतो. म्हणून खड्डाच मोजावा. चर असेल तर लांबी, वरची रुंदी, तळाची रुंदी आणि तीन-चार ठिकाणची खोली फुटांत घ्यावी, दोन्ही रुंदींची आणि खोलींची सरासरी काढावी, तिन्हींचा गुणाकार करावा आणि शंभराने भागावे. आलेली संख्या म्हणजे ब्रास. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास आणि घनमीटरमध्ये तो सुमारे २.८३ भरतो, हे कोटेशनमधील घनमीटरचे आकडे पडताळताना उपयोगी पडते.

आता उदाहरण पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. पहिल्या पोकलेनने सहा तासांत ७८ लिटर डिझेलमध्ये १५० ब्रास काढले. दुसरीने तेवढ्याच वेळात ८७ लिटर जाळून १८० ब्रास काढले. तासाचा हिशेब केला तर पहिली १३ लिटर पिते आणि दुसरी साडेचौदा, म्हणजे पहिली स्वस्त. ब्रासचा हिशेब केला तर पहिलीला ब्रासमागे ०.५२ लिटर लागते आणि दुसरीला ०.४८, म्हणजे दुसरी स्वस्त. त्याहून मोठा फरक वेळेचा आहे. हजार ब्रासच्या कामाला पहिलीला ४० तास लागतील आणि दुसरीला ३३ तासांच्या थोडे पुढे. ऑपरेटरचा पगार, कर्जाचा हप्ता आणि रांगेत थांबलेल्या हायवांचे भाडे त्या उरलेल्या साडेसहा तासांत दडलेले आहे. तासाने भाड्यावर देणारा मालक पहिली घेईल आणि ब्रासवर ठेका घेणारा दुसरी घेईल, आणि दोघेही बरोबर असतील. मात्र तासाने यंत्र लावणारा गिऱ्हाईकही हुशार असतो; दोन-चार महिन्यांत कोणाचे यंत्र तासात जास्त काम देते हे त्याला कळते आणि पुढचे काम तिकडे जाते. हा विचार मालकाने स्वतःच्या गावातील स्पर्धा पाहून करावा.

दोन कंपन्यांची यंत्रे एकाच दिवशी, एकाच थरात शेजारी-शेजारी चालवता आली तर तुलना सर्वांत विश्वसनीय होते. ते जमत नसेल तर जागा, ऑपरेटर, हायवांची संख्या आणि बकेट फिरवण्याचा कोन तोच ठेवावा. बकेट भरून, वळून, ओतून पुन्हा खोदायला येण्यास लागणारा वेळ घड्याळावर मोजावा. वीस टनी पोकलेनला नव्वद अंश वळून हायवा भरताना साधारण १५ ते २० सेकंद लागतात. सलग वीस फेऱ्यांची सरासरी घ्यावी आणि सकाळची व दुपारची वेगळी लिहावी. इंजिनाचा मोडही लिहावा. एक यंत्र इकॉनॉमी मोडवर आणि दुसरे पॉवर मोडवर चालवून केलेली तुलना डीलरच्या पथ्यावर पडते. बॅकहो लोडरच्या बाबतीत खोदाई, भरणी आणि रस्त्यावरचा प्रवास या तिन्हींचे डिझेल शक्य असल्यास वेगळे काढावे. एकूण खप साधारणतः तासाला चार ते सहा लिटर असतो, पण दिवसातले दोन तास रस्त्यावर घालवणाऱ्याचा हिशेब वेगळा येतो.

ऑपरेटरचे मत

पहिला तासभर कंपनीच्या माणसाला चालवू द्यावे आणि आपल्या ऑपरेटरला शेजारी उभे करून शिकू द्यावे. मोजमाप मात्र आपला ऑपरेटर रुळल्यानंतरच सुरू करावे. त्याला तीन गोष्टी मुद्दाम करायला सांगाव्यात. बकेट भरून बूम वर उचलत असतानाच यंत्र वळवावे आणि आर्म (बूम आणि बकेट यांच्यामधला दांडा) आत ओढावा. तिन्ही हालचाली एकदम करताना एखादी अडखळते का, ते पाहावे. नंतर चढावर भरल्या बकेटसह यंत्र चालवून पाहावे. शेवटी बारीक काम, म्हणजे चराचा तळ एकसारखा घासणे किंवा पाइप उचलून ठेवणे, करून घ्यावे. खोदताना दमदार वाटणारी काही यंत्रे या कामात झटके देतात आणि पाइपलाइनचे काम करणाऱ्याला ते महागात पडते.

दुपारी तीन-चार तास सलग काम झाल्यावर हायड्रॉलिक ऑइल तापलेले असते. त्या वेळी सकाळच्या मानाने हालचाली मंदावल्या का, हे पाहण्याची संधी सकाळच्या डेमोत कधीच मिळत नाही. विदर्भातील खरेदीदाराने तर एप्रिल-मे महिन्यातील भर दुपारच डेमोसाठी मागावी; इंजिनाचा पारा, हायड्रॉलिकचा पारा आणि केबिनमधील एसी या तिन्हींची परीक्षा एकदमच होते. थंड केबिन हा चैनीचा भाग मानणारे मालक अजून आहेत. पण चांगला ऑपरेटर टिकवणे यंत्र टिकवण्याइतकेच कठीण झाले आहे, आणि तो कोणत्या केबिनमध्ये बसतो याला महत्त्व देतो.

ऑपरेटरचे मत त्याला बाजूला घेऊन विचारावे, डीलरच्या माणसासमोर नव्हे. यंत्र विकले गेले तर ऑपरेटरला खुशाली देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. म्हणून ‘कशी वाटली’ असे न विचारता मागचे चाक दिसते का, लिव्हर कुठे जड जाते, ग्रीसचे पॉइंट हाताला येतात का, असे नेमके प्रश्न विचारावेत. नेमक्या प्रश्नांना नेमकी उत्तरे मिळतात आणि ती स्वतः केबिनमध्ये बसून पडताळताही येतात.

ब्रेकर आणि नवी इंजिने

पाषाणात काम करणाऱ्याने ब्रेकरसह डेमो घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. ब्रेकर त्या यंत्राच्या वजनाला साजेसा आहे का आणि त्याची पाइपलाइन कंपनीतून बसून येते की डीलर बाहेरून बसवून देतो, हे विचारावे, कारण बाहेरून केलेल्या जोडणीवर हमी लागू राहील का, हा प्रश्न हमखास उद्भवतो. तास-दीड तास ब्रेकर चालवून ऑइलचे तापमान कुठे स्थिरावते ते पाहावे. एकाच जागी अर्ध्या मिनिटात दगड फुटत नसेल तर जागा बदलण्याची शिस्त ऑपरेटरने पाळावी. डेमोच्या भरात छिन्नी मोडली तर तिचा खर्च कोणाचा, हेही आधीच ठरलेले असावे.

रबरी चाकांच्या बांधकाम यंत्रांना १ जानेवारी २०२५ पासून सीईव्ही (बांधकाम यंत्र-वाहने) स्टेज-५ हे उत्सर्जन निकष लागू झाले आहेत. बॅकहो लोडरच्या गटातील नव्या इंजिनांत त्यामुळे धुरातील काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर आला. साठलेली काजळी हा फिल्टर ठराविक काळाने जाळून टाकतो आणि त्यासाठी इंजिन तापलेले असावे लागते. छोट्या-छोट्या कामांवर वारंवार बंद-चालू होणाऱ्या यंत्रात ही सफाई अर्धवट राहते. डेमोत ती प्रक्रिया प्रत्यक्ष करून दाखवण्याची विनंती करावी: दिवा कधी लागतो, किती वेळ यंत्र उभे ठेवावे लागते, ती पुढे ढकलता येते का, आणि ढकलत राहिल्यास काय होते. बॅरलमध्ये साठवलेले डिझेल वापरण्याची सवय असलेल्या साइटवर इंधनाच्या स्वच्छतेविषयीही डीलरचे म्हणणे लेखी घ्यावे, कारण पुढे हमी नाकारताना बहुधा इंधनाचेच कारण पुढे येते.

सर्व्हिसची परीक्षा

यंत्र एका दिवसात पाहता येते, सर्व्हिस पाहायला थोडी खटपट करावी लागते. डीलरच्या वर्कशॉपला न कळवता भेट द्यावी आणि तेथे किती यंत्रे सुट्या भागांची वाट पाहत उभी आहेत, ते पाहावे. बकेटचे दात, फिल्टरचा संच, होज पाइप, पिन-बुश आणि पोकलेनचे रोलर यांची किंमत व साठा विचारावा. ज्या तालुक्यात आपले काम चालते तेथून सर्वांत जवळचा मेकॅनिक कोण, तो किती यंत्रे सांभाळतो, हे समजून घ्यावे. आणि तीन हजार तासांच्या पुढे गेलेल्या त्याच मॉडेलच्या मालकांची नावे डीलरकडून घेण्याऐवजी क्रशरवर, पेट्रोल पंपावर विचारून स्वतः मिळवावीत. डीलरने दिलेली नावे समाधानी गिऱ्हाइकांचीच असतात.

जुने यंत्र डीलरकडून घेताना

जुन्या यंत्राच्या डेमोचा हेतू वेगळा आहे. त्याची कामाची क्षमता बाजाराला ठाऊक असते. तपासायचे असते ते किती झिजले आहे. सकाळी, ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे आणि बॉनेटला हात लावून पाहावा. इंजिन आधीच गरम करून ठेवले असेल तर ते थंडीत सुरू होताना त्रास देते, असे समजून दुसऱ्या दिवशी यावे. सुरू झाल्यावर निळा धूर राहतो का, ऑइल भरण्याचे झाकण उघडले असता तेथून जोराने वाफ येते का, ते पाहावे. बूम वर उचलून भरली बकेट हवेत ठेवावी, सिलिंडरच्या दांड्यावर खूण करावी आणि दहा मिनिटांनी ती किती सरकली ते मोजावे. पोकलेनची बकेट जमिनीवर टेकवून यंत्राचा पुढचा भाग किंचित उचलावा, मग खाली सोडावा, आणि फिरत्या रिंगेपाशी वरचा व खालचा भाग यांतील फट किती बदलते ते पाहावे. या रिंगेचा खर्च मोठा असतो. बॅकहोमध्ये हीच तपासणी मागचा बूम जेथे डावी-उजवीकडे वळतो त्या पिनांवर आणि जमिनीवर टेकणाऱ्या दोन्ही पायांवर करावी.

तासमीटरवर एकट्यावर विसंबू नये. मीटर चार हजार दाखवत असेल आणि पेडलचे रबर पूर्ण गुळगुळीत झाले असेल, तर यंत्राच्या प्रणालीतील जुना अहवाल आणि सर्व्हिसची बिले मागावीत. नोंदणीपुस्तकातील चासी व इंजिन क्रमांक यंत्रावरील क्रमांकांशी ताडून पाहावेत, वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा आणि थकीत चलने तपासावीत, आणि महसूल खात्याचा दंड प्रलंबित नसल्याचे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. इंजिन आणि हायड्रॉलिक ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेणे किमतीच्या मानाने अगदी स्वस्त आहे. डीलर नमुना घेऊ देत नसेल तर तोच एक निष्कर्ष मानावा.

डीलरने डेमोसाठी वापरलेले यंत्र दोन-तीनशे तासांनंतर सवलतीत विकायला काढले जाते. हा सौदा बरेचदा चांगला असतो, फक्त हमीचा काळ विक्रीच्या तारखेपासून धरला जाणार की यंत्र प्रथम वापरात आले तेव्हापासून, हे बीजकावर लिहिलेले असावे.

महिनाभर भाड्याने

मोठ्या किमतीच्या यंत्राबाबत एका दिवसाच्या डेमोपेक्षा महिनाभराचे भाडे अधिक सांगून जाते. काही डीलर भाड्याचा काही भाग पुढे किमतीत वळता करून देतात. तो किती, किती मुदतीत खरेदी केल्यास आणि तेव्हाची किंमत कोणती धरायची, हे तीनही मुद्दे करारात असावेत. डीलर तयार नसेल तर तेच मॉडेल बाजारातून भाड्याने आणावे. महिन्याभरात निदान एक सर्व्हिस होते, एखादा होज फुटतो, ऑपरेटरचा नवेपणाचा उत्साह ओसरतो, आणि भाड्याच्या पैशात यंत्राचा व डीलरचा स्वभाव दोन्ही कळतात. भाड्याच्या यंत्राचीही टाकी आणि खड्डा दर आठवड्याला एकदा वरील पद्धतीने मोजावा.

निर्णय झाल्यावर ऑर्डरमध्ये डेमोच्या यंत्राचे सर्व तपशील उतरवावेत: मॉडेल, बकेटचा आकार, आर्मची लांबी, टायरचा किंवा चेनपट्टीचा प्रकार, ब्रेकरची पाइपलाइन, केबिनमधील एसी आणि हमीचे तास. यंत्र ताब्यात घेताना ती यादी हातात धरून एकेक बाब ताडून पाहावी, बकेटची रुंदी टेपने मोजावी आणि फरक आढळल्यास तो डिलिव्हरीच्या पावतीवर लिहून, डीलरच्या माणसाची त्याखाली सही घेऊनच चावी स्वीकारावी.